जहाजप्रवासाची भित्तिपत्रके

समुद्रपार प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांनी उतारू मिळवण्यासाठी छापलेली मोठी रंगीत चित्रे. त्यांचा बहराचा काळ दोन महायुद्धांच्या मधला.

त्याला कारणही तसेच घडले. अमेरिकेने १९२१ आणि १९२४ मध्ये कायदे करून स्थलांतरितांची संख्या बांधून टाकली. पोट भरायला निघालेल्यांवर चालणारा कंपन्यांचा मोठा धंदा बसला आणि हौसेने फिरणारे प्रवासी शोधणे भाग पडले. गरजूला तारीख आणि भाडे कळले की पुरते. हौशी माणसाच्या मनात मात्र जहाज भरावे लागते. ते काम चित्रकारांवर आले.

त्यांत सर्वांत थोर कासाँद्र (१९०१–१९६८). जन्म खार्किवचा, कारकीर्द पॅरिसची, मूळ नाव अडॉल्फ मूरों. ‘नॉर्मांदी’ या फ्रेंच जहाजासाठी १९३५ मध्ये त्याने केलेले पत्रक निवांत पाहावे असे आहे. पाहणारा जणू पाण्यातच उभा आहे आणि जहाजाची काळी नाळ, म्हणजे पुढचे टोक, थेट त्याच्या अंगावर येते. लाटा नाहीत, माणसे नाहीत, ऐषआरामाचा मागमूस नाही. खाली पाण्यालगत चिमुकल्या पांढऱ्या पक्ष्यांचा थवा तेवढा आहे. तो थवा बोटाने झाकून पाहावा: ३०० मीटरहून लांब असलेल्या त्या जहाजाचा अजस्रपणा तिथेच ओसरतो. ‘लातलांतिक’ जहाजाच्या १९३१ च्या पत्रकात हेच काम शेजारची छोटी टगबोट (मोठी जहाजे ओढणारी बोट) करते.

ब्रिटनचा केनेथ शूस्मिथ (१८९०–१९३९) याची वाट निराळी. तो स्वतः जहाजावर अधिकारी होता. त्याच्या चित्रांतली बंदरे पाहिलेल्या माणसाने काढलेली आहेत, हे लगेच कळते.

ही पत्रके बहुधा शिळाछापाची असत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा, आणि एकच कागद तितक्या वेळा यंत्रातून काढायचा. राजा रविवर्म्यांच्या गिरगावात १८९४ मध्ये सुरू झालेल्या छापखान्यातून घरोघरी गेलेल्या लक्ष्मी-सरस्वतीही याच पद्धतीच्या. फरक असा, की त्या चौकटीत बसून देव्हाऱ्यापर्यंत पोहोचल्या. जहाजांची पत्रके भिंतीवर डकवली जात आणि पावसात, नव्या कागदाखाली नाहीशी होत. म्हणून आज मूळ प्रती दुर्मिळ आहेत.

१९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाली आणि पर्यटन कंपन्यांच्या भिंतींवर जहाजांच्या जागी विमाने आली. ‘नॉर्मांदी’ तर १९४२ मध्येच न्यूयॉर्कच्या धक्क्याला आग लागून आडवी झाली होती.