चटणीची बरणी आणि रोजचं ताट : कोल्हापूरच्या साध्या जेवणाची पार्श्वभूमी

एप्रिल-मे महिन्यात कोल्हापुरातल्या कुठल्याही कांडप मशीनवर जाऊन बघावं. गल्लीच्या तोंडापासूनच ठसका लागतो. नाकाला पदर, रुमाल बांधलेल्या बायका डबे-पिशव्या नंबराला लावून बसलेल्या असतात. पिशवीत उन्हात कडक केलेली मिरची, वेगळ्या डब्यात तळलेला कांदा, सोललेला लसूण, खोबरं, धणे, तीळ, खसखस, हळकुंडं, खडा मसाला. नंबर लागायला दोन-तीन तास जातात, पण परत जाताना हातात वर्षाची चटणी असते. बाहेरची माणसं तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात. आमच्यात ती नुसती 'चटणी'.

धावपळीत घरचं साधं, पोटाला सोसणारं जेवण कसं जमवायचं, हा प्रश्न आज नोकरी करणाऱ्या प्रत्येक घरात आहे. कोल्हापूरपुरतं बोलायचं तर त्याचं सगळ्यात जुनं उत्तर या चटणीच्या डब्यात आहे. आमटीला काय लागतं? कांदा भाजायचा, खोबरं भाजायचं, लसूण सोलायचा, धणे-तीळ परतायचे, वाटण वाटायचं. हे सगळं उन्हाळ्यात एकदाच करून ठेवलेलं असतं. मग रोज फोडणीत चमचाभर चटणी, वरून शिजलेली डाळ नाहीतर मोडाची मटकी आणि मूठभर शेंगदाण्याचं कूट टाकलं, की वीस मिनिटांत कोरड्यास तयार. (भाकरीबरोबर खायच्या कालवणाला आमच्याकडे कोरड्यास म्हणतात, ते पातळ असलं तरी.) रोजचा स्वयंपाक झटपट होतो, कारण त्याचं निम्मं काम मे महिन्यात उरकलेलं असतं. ही गोष्ट लक्षात घेतली नाही, तर इथल्या जेवणाचा इतिहास कळत नाही.

ही चटणी मात्र अनादि काळापासूनची नव्हे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी तिखटपणाला मिरी होती, आलं होतं. भुईमूगही तिकडचाच. चटणी आणि कूट ही कोल्हापुरी स्वयंपाकाची दोन्ही बोटं समुद्रापलीकडून आली आणि आपलीच होऊन गेली. मिरचीच्या निवडीतही इथं पक्का हिशेब असतो. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, जिला जवारी म्हणतात, आणि जाळाला लवंगी. कुठली किती घ्यायची हे प्रत्येक घराचं वेगळं. म्हणून एकाच गल्लीतल्या दोन घरांची आमटी एकसारखी लागत नाही.

आता ही घाई कुणाची होती, ते बघू. धावपळ ऑफिसं निघाल्यावर सुरू झाली असं बोललं जातं, ते मला पटत नाही. करवीर तालुक्यातल्या माझ्या आजीचा दिवस पहाटे म्हशीच्या धारेनं सुरू व्हायचा. संध्याकाळी परत धार. दूध घालायची वेळ ठरलेली, ती कुणासाठी थांबत नाही. मधल्या वेळात शेण, वैरण, भांगलण. स्वयंपाकाला मिळायचा तो सकाळचा तास-दीड तास आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतरचा थोडा वेळ. गोकुळ दूध संघ १९६३ साली सुरू झाला आणि गावोगाव दुधाचा पैसा नियमित येऊ लागला. त्या पैशामागचं घड्याळही बायकांच्याच हाताला बांधलं गेलं.

त्या तासाभरात आजी काय करायची, ते मला अजून स्पष्ट दिसतं. चुलीच्या कडेला वैल, म्हणजे चुलीच्याच धगीवर चालणारी दुसरी जागा. चुलीवर तवा, वैलावर आमटीचं पातेलं. काठवटीत पीठ मळून एक भाकरी थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. ती भाजेपर्यंत दुसरीचा गोळा मळून व्हायचा. उलटलेली भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापुढं उभी केली, की टम्म फुगायची. तेवढ्यात वैलावरची आमटी स्वतःच्या हिशेबानं उकळत असायची. एका जळणावर दोन कामं, आणि कुणी रिकामं बसलेलं नाही. चूल विझत आली, की राखेत वांगं सरकवायचं; त्याचं भरीत रात्रीला. धुराचं सोनं करायची माझी इच्छा नाही. त्या धुरानं तिचे डोळे कायम लाल असायचे आणि म्हातारपणी खोकला गेला नाही.

शेतावर जाणारी न्याहारी बुट्टीत असायची : भाकरी, खर्डा, कांदा, जमलं तर दही. माळवं, म्हणजे भाजीपाला, बांधावरचंच. मेथी, चाकवत, कांद्याची पात, घेवडा. पावसाळ्यात हुलग्याचं माडगं, उन्हाळ्यात आंबील. जिल्ह्यात भाकरीही एक नव्हती. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, तर पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडकडे भात आणि नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे आता पाकिटावर छापून येतं. डोंगरातल्या माणसांनी ती खाल्ली ती वरकस, म्हणजे हलक्या जमिनीत दुसरं फारसं येत नव्हतं म्हणून.

मग पाणी आलं आणि ताट बदललं. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची बाजारपेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काचं ठिकाण मिळालं. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचं काम त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. ते पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. धरणं, नदीवरच्या पाणी योजना, सहकारी साखर कारखाने, आणि मग शिवारभर ऊस. उसानं घरात पैसा आणला, मुलं शिकली, हे खरंच. पण जिथं शाळू आणि त्यात मिसळीला तूर, मटकी, हुलगा यायचा, तिथं एकच पीक उभं राहिलं. कडधान्य दुकानातून आणायची वस्तू झाली. गहू रेशनवर आणि बाजारात सहज मिळू लागला, तशी चपाती सणाच्या पानातून रोजच्या डब्यात आली.

डब्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण कोल्हापूर हे डब्यावर शिकलेलं शहर आहे. १९०१ साली इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढच्या काळात शाहू महाराजांच्या पाठबळावर वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातली पोरं शिकायला शहरात राहू लागली. घरापासून लांब राहून पोटभर आणि स्वस्तात कसं जेवायचं, हा प्रश्न इथं शंभर वर्षांपूर्वीच पडलेला आहे. १९४८ साली एसटी सुरू झाली, आणि पुढं कित्येक पिढ्यांचा डबा गावाहून एसटीनं यायला लागला. पहाटे आई डबा बांधायची, कुणीतरी तो पहिल्या गाडीत ठेवायचा, आणि स्टँडवर पोरगा आपलं नाव घातलेली पिशवी शोधायचा.

त्या डब्यानं स्वयंपाकाला स्वतःचे नियम घातले. आमटी सांडते, म्हणून कोरडी भाजी, झुणका, डाळकांदा. दुपारपर्यंत आंबू नये म्हणून ओलं खोबरं नाही. भाकरी फडक्यात गुंडाळायची, म्हणजे कडा वाळत नाहीत. शेंगदाण्याची नाहीतर कारळ्याची चटणी कोपऱ्यात, गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत तीच आधार. उद्यमनगरात, पुढं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या कामगारांचा डबाही याच घडणीचा. चपाती इथं जिंकली, कारण ती दुपारीही मऊ राहते.

यंत्रांची हकिकत त्यामानानं थोडक्यात सांगण्याजोगी. जातं गेलं, गिरणी आली. बायकांच्या पहाटेचे तास त्यानं जितके वाचवले तितके दुसऱ्या कशानं क्वचितच वाचवले असतील. १९५९च्या सुमारास प्रेशर कुकर देशातच बनू लागले आणि डाळ-भात-बटाटा एका शिट्टीच्या हिशेबात बसले. मग मिक्सर, मग गॅस. आमच्या घरी गॅस आला तेव्हा शेगडीला हळद-कुंकू लावलं होतं.

या सगळ्या काळात कोल्हापूरचं नाव मात्र गाजलं ते तांबड्या-पांढऱ्या रश्शानं आणि मिसळीनं. दोन्हीचा मला अभिमान आहे. पण रस्सा घरात व्हायचा तो रविवारी, बुधवारी, पाहुणा आला तर, नाहीतर जत्रेला. आठवड्यातली बाकीची जेवणं मटकी, मसूर, वरणं-वांगं (वरणं म्हणजे डाळीचं वरण नव्हे, वालासारखं कडधान्य), पालेभाजी, भाकरी आणि ताकाची. खानावळीच्या पाटीवर त्यांना फारशी जागा मिळाली नाही, आणि इथल्या पोरांनाही वाटायला लागलं, की कोल्हापुरी म्हणजे तेलाची तर्री. रोजचं ताट असं विस्मरणात गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आज घाईच्या वेळी हात फोनकडे जातो आणि येतं ते सणासुदीचं जेवण, मंगळवारच्या रात्री.

घाई मात्र कुणाच्या वाट्याची, हे फारसं बदललेलं नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं आला, आणि पुरुषांचा ८८. जुनी व्यवस्था चालायची ती सासू, जावा, शेजारणी मिळून उन्हाळ्याचं काम उरकायच्या म्हणून. चटणी, पापड, कुरडया, सांडगे ही एकटीच्या बळावरची कामं नव्हेतच. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, दोघंही कामावर जाणारी असताना, ती वर्षाची आखणी एका बाईच्या डोक्यावर देऊन कसं चालेल? राजारामपुरीतली माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा ती दोघांत वाटून करतात. रविवारी तो मटकी, मूग भिजत घालतो, मोड आणून फ्रीजमध्ये ठेवतो, दाण्याचं कूट करतो. रोज भाकरी तीच थापते. त्याची अजून फाटते, पण गेल्या उन्हाळ्यात कांडपावर नंबर लावून बसला होता तो.

मार्गशीर्षात कर्नाटकातल्या सौंदत्तीची यात्रा करून रेणुकेचे जग, म्हणजे भक्तांनी डोक्यावरून नेलेली देवीची प्रतीकं, कोल्हापुरात परततात आणि इथं आंबील यात्रा भरते. घराघरातून देवीला नैवेद्य जातो. दुरडीत पुरणाची पोळी नसते. आंबील, दहीभात, भाकरी, वरणं-वांगं, मेथीची भाजी, गाजर आणि कांद्याची पात असते. नैवेद्य दाखवून झाला, की माणसं तिथंच घोळक्यानं बसतात, आणि शेजारच्या ताटातलं वरणं-वांगं आपल्या भाकरीवर वाढून घेतात.