नियोजित पेशीमृत्यू

पेशीने स्वतःच्याच जनुकांतील सूचनांनुसार, ठरलेल्या क्रमाने मरणे. भाजल्याने किंवा रक्त न पोचल्याने होतो तो ऊतकमृत्यू. त्यात पेशी फुगून फुटते, आतला ऐवज शेजारी सांडतो आणि सूज येते. नियोजित मृत्यूत पेशी सगळी आवराआवर करून जाते, शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही.

प्राण्यांतील त्याच्या सर्वपरिचित प्रकाराला ॲपॉप्टॉसिस म्हणतात. कॅस्पेज नावाची विकरे (एन्झाइम) पेशीत आधीपासूनच निष्क्रिय पडून असतात. बाहेरून मृत्यूचा संदेश आला, किंवा डीएनए दुरुस्तीपलीकडे बिघडला, की ती जागी होतात. यातल्या दुसऱ्या वाटेने, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेतून सायटोक्रोम-सी बाहेर पडते. एरवी पेशीचा श्वास चालवणारा हाच रेणू इथे मृत्यूची कळ दाबतो. मग डीएनएचे तुकडे होतात, पेशी आक्रसते, तिच्या बाहेरच्या पटलावर बुडबुडे येतात आणि पटलाच्या आतल्या बाजूचा एक स्निग्ध रेणू बाहेर येतो. त्या खुणेवरून भक्षक पेशी तिला गिळतात. गर्भाच्या हाताची बोटे सुटी होतात ती मधल्या पेशी अशा मरतात म्हणूनच.

१९७२ म्हटले की मराठवाड्याला दुष्काळ आठवतो. त्याच वर्षी केर, वायली आणि करी या संशोधकांनी ॲपॉप्टॉसिस हे नाव रूढ केले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाने-पाकळ्या गळणे. पुढे एका सूक्ष्म कृमीत नेमका हिशेब लागला: उभयलिंगी कृमीच्या वाढीत १,०९० कायिक (प्रजननाच्या सोडून शरीराच्या) पेशी तयार होतात, त्यांतल्या १३१ ठरल्याप्रमाणे मरतात, ९५९ उरतात. या संशोधनाबद्दल ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२चे नोबेल मिळाले.

मृत्यू चुकवणारी पेशी कर्करोगाकडे झुकते. मृत्यू रोखणारे बीसीएल-२ हे प्रथिन काही रक्तकर्करोगांत जास्त बनते. ते निकामी करणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६पासून वापरात आहे. उलट पार्किन्सनसारख्या आजारांत मेंदूतल्या मज्जापेशी नको तितक्या मरतात.

नाव पानगळीवरून असले, तरी वनस्पतींची तऱ्हा निराळी. तिथे गिळायला भक्षक पेशी नाहीत. पेशीतली रसधानी, म्हणजे रसाने भरलेली पिशवी, फुटते, आतले पचते आणि भिंत बहुधा जागेवर राहते. पाणी वाहणाऱ्या नलिका म्हणजे अशाच मेलेल्या पेशींच्या भिंती.

रब्बी ज्वारीचा दाणा हे याचे हाताशी असलेले उदाहरण. गूळभेंडी या वाणाचे कणीस आगटीत भाजून हुरडा चोळतात, तेव्हा दाणा चिकात असतो. आतल्या पेशींत स्टार्च अजून भरत असतो. दाणा कडक होईपर्यंत त्या पेशी मरतात, मात्र साठा तसाच राखून. भाकरीच्या पिठाचा मोठा भाग हाच. जिवंत राहतात ते गर्भ आणि सालीखालचा पातळ थर. गहू, बार्लीच्या दाण्यात पेरल्यावर हाच थर साठा विरघळवायला विकरे पुरवतो आणि मग स्वतःही मरतो.

गव्हाच्या काही प्रतिकारक्षम वाणांवर तांबेरा आला की लागण झालेल्या पेशी आपणहून मरतात. जिवंत पेशीवरच जगणाऱ्या त्या बुरशीची उपासमार होते. पानावरचे ते बारीक सुकलेले ठिपके रोगाचे वाटतात, असतात बचावाचे. ज्वारीच्या खडखड्या रोगाला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण त्याची बुरशी मेलेल्या पेशींवरही पोसते.