कटाडिन: लोकर आपोआप गाळणाऱ्या मेंढीची पार्श्वभूमी

लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नसेल, तर मांसासाठी पाळलेल्या मेंढीच्या अंगावर लोकर हवीच कशाला? अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या मायकेल पील यांनी १९५०च्या दशकात हा प्रश्न धसास लावला. १९५७ साली त्यांनी व्हर्जिन बेटांवरून सेंट क्रॉई जातीची तीन जनावरं आणवली. या केसाळ मेंढ्या, म्हणजे अंगावर लोकरीऐवजी साधे केस असलेल्या, काटक, आणि पोटातल्या रक्तशोषक जंतांना सहसा दाद न देणाऱ्या. पण अंगाने लहान.

म्हणून पील यांनी ट्युनिस, साउथडाउन, हॅम्पशायर, सफोक अशा मांसल जातींशी संकर केला. अंग भरलं, पण लोकरही आली. खरं काम इथून सुरू होतं. पहिल्या संकराची पिल्लं बहुधा लोकर अर्धवटच गाळतात, पाठीवर लोकरीचे पुंजके राहतात. अशी जनावरं आपापसांत लावली, की एकाच कळपात केसाळही निघतात आणि लोकरीचीही. नेटाने छाटणी केल्याशिवाय गुण पक्का होत नाही. पील यांनी ती सुमारे वीस वर्षं केली आणि जातीला मेनमधल्या कटाडिन पर्वताचं नाव दिलं.

१९७०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी इंग्लंडची विल्टशायर हॉर्न वापरली. ही स्वतःच लोकर गाळते, शिवाय वजनदार. आकार वाढला, मात्र शिंगं आली, ती निवडीतून काढावी लागली.

१९७६ साली पील वारले. पुढे कळपातली जनावरं हेफर प्रोजेक्ट या गरिबांना जनावरं पुरवणाऱ्या संस्थेमार्फत अमेरिकेतल्याच आर्कान्सा राज्यातही पोहोचली, आणि १९८५ साली पैदासकारांची संघटना उभी राहिली. तिने ठरवलेली अंगावरच्या आवरणाची प्रतवारी आजही निवडीचा कणा आहे: ‘ए’ प्रतीची मेंढी दरवर्षी सगळी लोकर गाळते, ‘बी’वर थोडी लोकर कायम राहते, ‘सी’ लोकरीचीच.

लोकरीच्या कळपातून सुरुवात करणाऱ्याने दर पिढीला शुद्ध कटाडिन नर वापरायचा: रक्ताचा वाटा ५०, मग ७५, मग ८७.५ टक्के. कोकराच्या जन्मावेळच्या आवरणावरून मात्र निवड करू नये, ते फसवं असतं. वर्ष उलटल्यावर, वसंतातली गळती संपली की पाठ आणि पुठ्ठा हाताने चाचपून पाहावा. नर ‘बी’ निघाला तर कितीही भरदार असो, पैदाशीला ठेवू नये. एक नर सगळ्या कळपात लोकर परत आणतो.