उणे ७८ हा आकडा आला कुठून?

रसायनशास्त्रात फार थंडीत करायच्या अभिक्रियांच्या कृतीत तापमान बहुधा उणे ७८ अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. त्याची गोष्ट साध्या बर्फापासून सुरू होते. पुण्यातल्या कॉलेजांत बीएस्सीच्या प्रात्यक्षिकाला ॲनिलिनचं डायझोटायझेशन, म्हणजे ॲनिलिनपासून रंगासाठी लागणारा डायझोनियम क्षार बनवणं, असलं की आधी बर्फ फोडायचं काम निघतं. सोडियम नायट्राइट थेंबाथेंबानं सोडायचं, तापमान ० ते ५ अंशांत धरायचं. जरा घाई झाली की डायझोनियम क्षार मोडतो, नायट्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि बीटा-नॅफ्थॉल घातल्यावर हवा तो नारिंगी रंग धरत नाही. ही अभिक्रिया पीटर ग्रीसनं १८५८ मध्ये मांडली.

गारव्याची खटपट मात्र फार जुनी. अकबराच्या दरबारात सोरा विरघळवून पाणी गार करत, याची नोंद ऐन-ए-अकबरीत आहे. फॅरनहाइटनं १७२४ मध्ये आपल्या मापाचं शून्य ठरवलं ते बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणावरून. पॉट आइस्क्रीमच्या लाकडी पिंपात बर्फावर खडे मीठ घालतात, त्यामागचं शास्त्रही हेच. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि वितळायला लागणारी उष्णता मिश्रणातूनच ओढतो. वजनानं तीन भाग बर्फ, एक भाग मीठ घेतलं तर उणे २१ अंशांच्या आसपास पोचता येतं. त्याखाली मीठ-बर्फ नेत नाही, कितीही मीठ ओता.

पुढची उडी १८३५ ची. फ्रान्समध्ये तिलोरिएनं घन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपला ड्राय आइस, मिळवला आणि तो ईथरमध्ये कालवला. कालवायचं कारण असं, की नुसते खडे फ्लास्कला मोजक्याच ठिकाणी टेकतात. द्रव काचेला सगळीकडून भिडतो. १८४५ मध्ये फॅरेडेनं हेच मिश्रण निर्वातात ठेवून उणे ११० अंश गाठले आणि वायूंचे द्रव केले. गारवा धरून ठेवणारा ड्यूअरचा निर्वात फ्लास्क, म्हणजे थर्मासचा पूर्वज, १८९२ चा. ईथर भलतंच ज्वालाग्राही, त्यामुळे पुढे ॲसिटोन रुळलं.

पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली, तोवर ही सगळी सामग्री जगभर ठरून गेली होती. ब्यूटिललिथियमसारखं अतिशय क्रियाशील रसायन घालायचं म्हटलं की आजही उणे ७८ च लिहिलं जातं. तो आकडा अभिक्रियेनं मागितलेला असतोच असं नाही. ड्राय आइस वातावरणाच्या दाबाला तिथे थांबतो, म्हणून तो आला. काही अभिक्रिया उणे ५० लाही सुरळीत होतात, आणि ते तपासून पाहायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. तपासताना थर्मामीटर बाथमध्ये, म्हणजे फ्लास्कभोवतीच्या थंड मिश्रणात नव्हे, फ्लास्कमधल्या द्रावणात बुडवावा, आणि तोही अल्कोहोलचा. पारा उणे ३९ लाच गोठतो.