दुर्बिणीखालचं वर्तमानपत्र

माझा भाचा न्यूझीलंडमध्ये एका डेअरी फार्मवर कामाला आहे. गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "मामा, रायफल घेतोय. लायसन्स झालं. पण वर दुर्बीण बसवायच्या रिंगांना दुकानदार दुर्बिणीच्या पाव किमतीएवढे पैसे मागतोय. दोन कड्या आणि आठ स्क्रू! आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत चहाच्या पैशात होतील की." मागोमाग एका जाहिरातीचा फोटो आला. २४ पट मोठं दाखवणारी दुर्बीण, हजार मीटरवर अचूक नेम, आणि वर रिंगा फुकट.

मी उद्यमबागेतल्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांचे साचे आणि हत्यारं बनवायच्या खात्यात, बत्तीस वर्षं काढली. बंदुकीशी माझा संबंध कॉलेजात एनसीसीला होतो तेवढाच. पण 'दोन कड्या आणि आठ स्क्रू' हे शब्द मला झोंबले. म्हणून हा लेख.

आधी एक खुलासा. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असावीच. खानापूर भागात भातात डुक्कर शिरलं किंवा गवा आला तर वनखात्याला कळवायचं, नेम धरायचा नाही. न्यूझीलंडची गोष्ट उलटी आहे. वटवाघळं सोडली तर तिथल्या जमिनीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नाही. हरणं गोऱ्यांनी तिकडं नेऊन सोडली. आपल्या हिमालयातला ताहर १९०४मध्ये तिथल्या डोंगरात सोडला. खाणारं कुणी नाही, मग कळप वाढले आणि डोंगरउतारावरची झाडंझुडपं फस्त करू लागले. तिथं परवाना काढून शिकार करणं हे वनव्यवस्थेचंच एक अंग समजलं जातं.

रायफलीची निवड मी दोन मिनिटांत उरकली. बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे दाराची कडी. दांडी पुढं ढकलली की काडतूस नळीत जातं, खाली वळवली की बोल्टचे कान खाचेत अडकतात आणि दार बंद. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री नॉट थ्री याच जातीची. फरक इतकाच, की तिचे कान बोल्टच्या मागच्या टोकाला आहेत. १८९८च्या जर्मन माउझरमध्ये मुख्य कान पुढं, काडतुसाच्या पाठीला लागून. धक्का जिथं बसतो तिथंच अडसर, त्यामुळं बोल्ट लांबीत दबत नाही. आजच्या बहुतेक शिकारी रायफली माउझरच्याच वळणावर गेल्या आहेत. गोळी सुटताना आतलं काही मागंपुढं सरकत नाही, म्हणून नेम टिकतो. त्याला सांगितलं, हरणासाठी .३०८चं काडतूस पुरे, दस्ता खांद्याला नीट बसतोय का बघ, चाप गुळगुळीत सुटतोय का बघ, आणि राहिलेले पैसे रिंगांना ठेव.

"रिंगांना? दुर्बिणीला नको?"

त्याला पटेना, म्हणून मी घरी एक प्रयोग केला. तुम्हीही करा, फार तर अर्धा तास जाईल. लोखंडाचा १० सेंटिमीटर लांबीचा ठोकळा घेतला, त्यावर रबरबँडनं लेझर पॉइंटर बांधला आणि ओसरीतल्या कट्ट्याच्या गुळगुळीत कडाप्प्यावर ठेवला. अंगणापलीकडची गोठ्याची भिंत बरोबर १० मीटरवर. तिथं लाल ठिपका पडला, नातवानं पेन्सिलीनं खूण केली. मग कालच्या पेपरची एक पट्टी कापून ठोकळ्याच्या पुढच्या टोकाखाली सरकवली. वर्तमानपत्राचं पान मायक्रोमीटरमध्ये धरलं तर साधारण ०.०७ मिलिमीटर भरतं. ठिपका वर सरकला. पट्टीनं मोजला तर सात-साडेसात मिलिमीटर. ठिपकाच चार मिलिमीटरचा, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरवरून भांडू नका.

शाळेतला समरूप त्रिकोण आहे हा. १० सेंटिमीटरवर ०.०७ मिलिमीटर, तर १० मीटरवर त्याच्या शंभरपट. दुर्बीण रायफलीवर दोन रिंगांत बसते आणि त्या रिंगांमधलं अंतरही साधारण १० सेंटिमीटरच असतं. आता भिंत लांब न्या. एका रिंगेखाली पेपरच्या एका पानाइतका फरक राहिला, तर १०० मीटरवर गोळी ७ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं चुकते. ३०० मीटरवर वीतभर. आणि सुतारकामातलं एक सूत चुकलं, म्हणजे तीन मिलिमीटर आणि वर थोडं? १०० मीटरवर तीन मीटर! हरणाच्या जागी शेजारचं झुडूप.

माझ्या आवडीची गंमत यापुढं आहे. लोकांना वाटतं, गोळी नळीतून निघाल्यावर आधी वर उठते आणि मग खाली येते. नळीच्या रेषेच्या वर ती कधीच उठत नाही. नळीचं तोंड सुटल्या क्षणापासून गोळी त्या रेषेखाली पडायला लागते, झाडावरच्या आंब्यासारखीच. सेकंदाला ८०० मीटरच्या वेगानं तिला १०० मीटर जायला एक अष्टमांश सेकंद लागतो, तेवढ्यात ती सुमारे ८ सेंटिमीटर पडते. शिवाय दुर्बीण नळीच्या वर साधारण ४ सेंटिमीटरवर असते. म्हणजे दुर्बिणीतून जिथं बघतोय तिथं गोळी लागायची तर नळीनं नजरेच्या रेषेला १०० मीटरमागे १२ सेंटिमीटर चढ द्यायला हवा. हा चढ रिंगांमधल्या १० सेंटिमीटरवर किती येतो? ०.१२ मिलिमीटर. पेपरची दोन पानंसुद्धा नाहीत. नेम साधणं म्हणून जे काही आहे, ते सगळं या दोन पानांच्या आत चालतं. आणि जाहिरातवाला म्हणतो, रिंगा फुकट.

आता धक्क्याचं बघू. इथं थोडी आकडेमोड आहे. ज्यांना नको त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. गोळी ९.७ ग्रॅम, वेग सेकंदाला ८५० मीटर, त्यात जळत्या दारूच्या वायूंची भर. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं तेवढाच संवेग उलट्या दिशेनं रायफलीला मिळतो. दुर्बिणीसकट ४ किलोची रायफल गोळी बाहेर पडेपर्यंत सेकंदाला २.४ मीटरच्या आसपास वेगानं मागं निघालेली असते, आणि हे सगळं १.२ मिलिसेकंदात. त्वरण येतं गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २०० पट, तेही सरासरी. शिखर याहून वर. अर्धा किलोच्या दुर्बिणीला सोबत ओढून न्यायला त्या दोन रिंगांना जवळजवळ १०० किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. प्रत्येक गोळीला सिमेंटची दोन पोती. आणि मोठी दिसते म्हणून ८०० ग्रॅमची दुर्बीण घेतली, तर तीन पोत्यांच्याही वर. २४ पटीचं भूत उतरवायला हा एक हिशेब बस्स आहे.

बस एकदम सुटली की उभी माणसं मागं कलंडतात, तसं रायफल मागं सुटली की दुर्बीण आपल्या जागी, म्हणजे रायफलीच्या हिशेबानं पुढं, राहू बघते. म्हणून रिंग आवळण्याआधी ती नळीच्या तोंडाकडं ढकलून, तिचा आडवा बोल्ट रायफलीवरच्या खाचांच्या पट्टीत, खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवायचा. तो मध्येच सैल ठेवून आवळला, तर पहिल्या चार-पाच गोळ्यांत रिंग स्वतःच पुढं जाऊन टेकते आणि नेम हलतो. या पट्ट्या दोन जातींच्या. पिकाटिनीची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, जुन्या वीव्हरची ४.५७. वीव्हरची रिंग पिकाटिनीत बहुधा बसते, उलटं जमत नाही. दुर्बिणीची नळी २५.४ मिलिमीटरची की ३०ची हेही बघून घ्यायचं. नळी रिंगेत बारीक पडली तर मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी घालणारे महाभाग आहेत. रबर दबतं, परत फुगतं, आणि वर हिशेब केला त्या ०.०७ मिलिमीटरची पार वाट लागते.

आवळायचं किती? रिंगेच्या स्क्रूला साधारण २ न्यूटन-मीटर, म्हणजे १० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला दोन किलोचा ओढा. जास्त आवळलं तर दुर्बिणीची अ‍ॅल्युमिनियमची नळी चेपते. आमचे टूलरूममधले उस्ताद कन्नड होते. मी पान्यावर जोर काढायला लागलो की मागून एकच शब्द यायचा, "साकु!" पुरे. ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना, टॉर्क रेंच, पुढं खूप वर्षांनी आला, पण आजही स्क्रू फिरवताना तो शब्द ऐकू आला की माझं मनगट थांबतं.

जांबोटीकडच्या माझ्या आजोळी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ३१५ची रायफल होती, साधी माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या उभ्या दाण्यावर, नेम धरायची. एका खंडेनवमीला पूजेसाठी भिंतीवरून काढली, हळदकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी बांधावरच्या डब्याला ५० मीटरवरून एक गोळी लागेना. "कुणीतरी बांधलीया बंदूक," थोरल्या मामांनी निकाल दिला. लिंबू उतरून झालं, देवऋषी झाला, कोंबडंही गेलं. पुढं सुट्टीवर आलेल्या गावच्याच एका फौजी माणसानं रायफल हातात घेतली, नखानं माशी चाचपली आणि हसला. भिंतीवरून काढताना ती दाराच्या चौकटीला लागून डावीकडं मिलिमीटरभर सरकली होती. माशी आणि मागच्या खाचेत अर्ध्या मीटरचं अंतर, म्हणजे ५० मीटरवर १० सेंटिमीटर. त्यानं पितळी ठोकणीनं दोन टिचक्या मारल्या आणि करणी उतरली. सौंदत्तीच्या जत्रेत फुगे फोडायच्या छऱ्याच्या बंदुकीवर मात्र कुणी करणी केलेली नसते, तिची माशी मालकानंच वाकवलेली असते.

तीन आठवड्यांनी भाच्याचा फोन. त्यानं ३ ते ९ पटीची, ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घेतली होती, पोलादी रिंगा आणि टॉर्क स्क्रूड्रायव्हर. आवाज पडलेला. "मामा, एवढं करून पाचही गोळ्या डावीकडं लागल्या. चार बोटं."

"पाचही एकाच जागी?"

"पाचही एका वाटीखाली झाकतील."

"मग बेस्ट झालं की! सैल असतं तर विखुरल्या असत्या. किती मीटरवर?"

"शंभर."

दुर्बिणीच्या बाजूच्या गोल बटणाची एक टिक म्हणजे १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर. चार बोटं म्हणजे ७ सेंटिमीटर. मी म्हटलं, "रिंगांना हात लावू नकोस. बटण उजवीकडं, दहा टिक."