रेडिएटरमध्ये नुसतं पाणी का चालत नाही?

"कूलंट कमी झालंय? पाणी टाका, चालतंय." गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून हे वाक्य गेलेलं असतं, आणि त्यात निम्मं खरं आहे. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात धरणारे द्रव फार थोडे. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल ऊर्जा लागते. कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव. त्यातलं मुख्य रसायन, इथिलीन ग्लायकॉल, यात बरंच मागे आहे. त्याला साधारण 2.4 किलोज्यूल पुरतात. मग चांगल्या पाण्यात हे कमी ताकदीचं रसायन कशासाठी मिसळायचं?

त्यासाठी इंजिनाच्या आत डोकवावं लागतं. पेट्रोल जळून निघणाऱ्या ऊर्जेतला ढोबळमानाने तिसरा हिस्साच गाडी ओढायला मिळतो. जवळपास तेवढीच उष्णता सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेली बरीचशी धातूत मुरते. इंधन पेटतं त्या क्षणी सिलिंडरमधला वायू 2000 अंश सेल्सिअसच्या वर गेलेला असतो. सिलिंडरच्या माथ्यावर झाकणासारखं बसलेलं हेड बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं, आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. तरी हेड शाबूत राहतं, कारण ती आग क्षणभराची असते आणि काही मिलिमीटर जाडीच्या भिंतीपलीकडून सतत द्रव वाहत असतो.

आता जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या शेजारची जागा डोळ्यांसमोर आणा. सगळ्या हेडमध्ये सर्वांत जास्त तापणाऱ्या जागांपैकी ही एक. इथे बारीक बुडबुडे उठले तर बिघडत नाही. वाफ होताना पाणी भरपूर उष्णता उचलतं आणि बुडबुडा पुढे गार द्रवात विरून जातो. पण वाफेचा सलग पापुद्रा तयार झाला की गणित उलटतं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तो याच पापुद्र्यावर, तव्याला न टेकता. द्रव धातूला टेकलाच नाही तर उष्णता नेणार कोण? तेवढा भाग भडकतो, हेड वाकतं, हेडखालची सांधा बंद ठेवणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट, जातं, कूलंट ऑइलमध्ये मिसळून त्याचा दुधाळ चहासारखा रंग होतो. म्हणून द्रवाने द्रवच राहणं महत्त्वाचं. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण सुमारे 107 अंशांना उकळतं. त्यावर दाब चढवला की उकळबिंदू 125 अंशांच्याही पलीकडे जातो.

हा दाब धरून ठेवतं ते रेडिएटरचं झाकण. दिसायला साधं, पण त्यात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो: दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो जास्तीचं कूलंट टाकीकडे सोडतो, आणि इंजिन गार झालं की मधला छोटा व्हॉल्व्ह तेच परत आत घेतो. झाकणाची रबरी कड वाळून चिरली, तर कूलंट कितीही उत्तम असलं तरी दाब टिकत नाही. आणि गरम इंजिनावर हे झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो, आतला द्रव त्याच क्षणी उकळून अंगावर उसळतो. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत त्याला हात लावू नये.

थंड प्रदेशात संकट उलटं असतं. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकलाही तडा देतं. गंमत म्हणजे शुद्ध इथिलीन ग्लायकॉल स्वतः उणे 13 अंशांच्या आसपास गोठतं, पण पाण्यात निम्मं मिसळलं की मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत तग धरतं. दोघांचे रेणू एकमेकांना स्फटिक बांधू देत नाहीत. त्यामुळे पाणी न घालता नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतणं हीसुद्धा चूकच.

माझ्या मते मात्र कूलंटचं सर्वांत मोठं काम डोळ्यांना न दिसणारं आहे. नळाच्या पाण्यातले क्षार गरम भिंतीवर थर धरतात आणि उष्णतेची वाट अडवतात. लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं एकाच पाण्यात बुडाले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होऊन धातू झिजतो. डिझेल इंजिनाचा खराब झालेला लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळी, हातात घेऊन पाहा: आतून गुळगुळीत, पण बाहेरच्या, कूलंटकडच्या अंगाला सुईने टोचल्यासारखे खड्डे. इंधनाच्या धक्क्याने लायनर थरथरतो, द्रवात पोकळ बुडबुडे होतात आणि फुटताना धातूचा कण कण उडवतात. काही खड्डे आरपार जातात. कूलंटमधली गंजरोधक रसायनं धातूवर पातळ संरक्षक थर धरतात. ही रसायनं वापरात संपत जातात, रंग मात्र तसाच राहतो. म्हणून कूलंट रंगावरून जोखू नये, मॅन्युअलमधल्या मुदतीनुसार बदलावं. हिरवा, गुलाबी, नारिंगी या रंगांना सर्वमान्य अर्थही नाही. रंग जुळतो म्हणून दोन कूलंट एकत्र करू नयेत.

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. मुलं आणि पाळीव जनावरं त्याकडे ओढली जातात.

आणि तापमानाच्या काट्यावर डोळे मिटून विसंबू नका. कूलंट गळून गेलं तर सेन्सर द्रवाबाहेर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली राहू शकतो. हीटरमधून गरम हवा येता येता अचानक गार हवा येऊ लागली, तर आत फिरायला कूलंटच उरलेलं नाही असं समजून गाडी तिथेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.