वृद्धाश्रमातील प्रवेश: बेळगाव सीमाभागातील ज्येष्ठांनी आणि कुटुंबीयांनी अर्जापूर्वी समजून घ्यायच्या गोष्टी

वृद्धाश्रमाचा अर्ज फेटाळला गेला की कुटुंबीय जागा नसल्याचे कारण गृहीत धरतात. प्रत्यक्षात अनेकदा अडचण कागदांची असते. आधार कार्डावर पुण्याचा पत्ता, शिधापत्रिका खानापूर तालुक्यातील, वयाचा भरवशाचा पुरावा नाही आणि हमीपत्रावर सही करणारा मुलगा गोव्यात नोकरीला, अशा स्थितीत रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशीच आश्रमाचा निर्णय होतो आणि मग कागदांसाठी धावपळ सुरू होते. त्या धावपळीत सर्वांत जास्त हाल ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे त्या आजी-आजोबांचेच होतात. म्हणून येथे नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात सांगून, जेथे अर्ज अडतात त्या जागा सविस्तर मांडल्या आहेत.

प्रथम आश्रमांचे प्रकार. पहिला प्रकार निराधारांसाठीच्या मोफत आश्रमांचा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, २००७ च्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा आश्रम राज्य सरकार उभारू शकते, अशी तरतूद आहे. याशिवाय केंद्राच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था २५ ज्येष्ठांसाठी किंवा ५० वृद्ध महिलांसाठी आश्रम चालवतात, आणि स्मृतिभ्रंशासारख्या आजारांसाठी सतत देखभालीच्या केंद्रांनाही तेच अनुदान मिळू शकते. दुसरा प्रकार धर्मादाय संस्थांचा. बेळगावजवळच्या बामणवाडीचा शांताई वृद्धाश्रम या भागात सर्वांना ठाऊक आहे. अशा संस्थांचे प्रवेशाचे नियम त्यांचे स्वतःचे असतात आणि एका संस्थेचा नियम दुसरीला लागू होत नाही. तिसरा प्रकार शुल्क आणि अनामत घेणाऱ्या निवासांचा. अर्ज करण्यापूर्वी आपण कोणत्या प्रकारच्या दारात उभे आहोत हे ठरवावे, कारण मुलगा कमावता असताना निराधारांच्या आश्रमासाठी केलेला अर्ज बहुधा परतच येतो, आणि त्यात गेलेले महिने भरून निघत नाहीत.

मोफत आश्रमासाठी वय ६० पूर्ण असणे आणि उत्पन्नाचे पुरेसे साधन नसणे या दोन मुख्य अटी आहेत. केंद्राच्या आदर्श नियमांत असे म्हटले आहे की अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर अधिक गरजू व्यक्तीला, गरज सारखी असेल तर अधिक वयाच्या व्यक्तीला आणि पुरुषापेक्षा स्त्रीला प्राधान्य द्यावे. निरक्षर किंवा अतिवृद्ध व्यक्तीला, सक्षम अधिकाऱ्याची खात्री पटल्यास, रीतसर अर्जाशिवायही प्रवेश देता येतो. ही शेवटची तरतूद फार कमी जणांना माहीत असते. एखाद्या एकट्या आजींना केवळ फॉर्म भरता आला नाही म्हणून परत पाठवले गेले असेल, तर कर्नाटकच्या दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खात्याच्या जिल्हा अधिकाऱ्यांकडे याच तरतुदीचा उल्लेख करून लेखी विनंती करावी. तोंडी विनंतीची कोठेही नोंद राहत नाही. पोच घेतलेल्या अर्जाला मात्र उत्तर द्यावे लागते.

कागदपत्रांत सामान्यतः आधार, वयाचा पुरावा, नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळणारा उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला, छायाचित्रे, वैद्यकीय तपासणीचा दाखला, ज्येष्ठाचे स्वखुशीचे संमतीपत्र आणि नातेवाइकाचे हमीपत्र मागितले जाते. कर्नाटक सरकारचे ज्येष्ठ नागरिक ओळखपत्र सेवासिंधू या सरकारी संकेतस्थळावरून काढता येते. त्यासाठी रक्तगटाचा अहवाल लागतो, तो आधीच करून घ्यावा, कारण ‘ग्राम वन’ या गावपातळीवरील सरकारी सेवा केंद्रापर्यंत गेलेली माणसे त्या एका कागदासाठी परत येताना दिसतात.

वयाचा पुरावा ही पहिली अडचण. या भागातील जुन्या पिढीतील अनेक स्त्रियांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला नाही, आणि आधारवरची तारीख पुष्कळदा अंदाजाने १ जानेवारी अशी नोंदलेली असते. मतदार ओळखपत्रावरचे वय त्याच्याशी जुळत नाही आणि अर्ज तेथेच थांबतो. अशा वेळी सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून वयाचा दाखला घ्यावा आणि तो कोणत्या कामासाठी हवा आहे हे अर्जातच लिहावे. ज्यांच्याकडे १९५६ पूर्वीचे शाळेचे दाखले आहेत त्यांच्या कागदावर मुंबई राज्याचा उल्लेख असतो, आणि त्यानंतरही दीर्घकाळ बेळगावचे नाव जुन्याच रूपात लिहिले जात होते, कारण बेळगावी हे अधिकृत नाव नोव्हेंबर २०१४ पासूनचे आहे. केवळ एवढ्या कारणाने दाखला नाकारला जाऊ नये. नाकारलाच, तर नकाराचे कारण लेखी मागावे.

दुसरी अडचण नावाची. मराठीत लिहिलेले नाव कानडी कागदावर जाताना आणि तेथून इंग्रजीत येताना बदलते. एका कागदावर नावापुढे ‘बाई’ आहे, दुसऱ्यावर नाही. शिधापत्रिकेवर आडनावच गळालेले असते आणि बँकेच्या पुस्तकात माहेरचे नाव राहिलेले असते. ही सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून घ्यावे, आणि त्यात कागदांवरील प्रत्येक नाव जसेच्या तसे लिहावे. वरवर सारखे दिसणारे नावही सोडू नये.

आता या भागापुरती सर्वांत मोठी गोष्ट, जिच्याकडे घाईत दुर्लक्ष होते. पुष्कळ कुटुंबांना गडहिंग्लज, कोल्हापूर किंवा मिरजेकडचा आश्रम जवळचा वाटतो, तेथे भाषा आपली असते, नातेवाईकही असतात, आणि हा विचार चुकीचा नाही. मात्र प्रवेश सुकर व्हावा म्हणून आधारवरचा पत्ता महाराष्ट्रातील करून घेण्यापूर्वी थांबावे. कर्नाटकची संध्या सुरक्षा ही निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षांवरील रहिवाशांसाठी आहे आणि पत्ता बदलला की तिच्या पडताळणीत अडचण येऊ शकते. दुसरीकडे महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेसाठी त्या राज्यातील किमान १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. म्हणजे एका सहीने एक निवृत्तिवेतन धोक्यात येते आणि दुसरे मिळत नाही. ज्या आजोबांच्या औषधांचा खर्च या दरमहाच्या पैशावरच चालतो, त्यांच्यासाठी हा हिशेब आधी करावा. उलट स्थितीतही हेच लागू आहे: मुंबई-पुण्यात आयुष्य काढून गावी परतलेल्या अनेकांचे आधार तेथीलच राहिलेले असते, आणि नाडकचेरीत उत्पन्नाचा दाखला मागायला गेल्यावर ते लक्षात येते. आश्रमात कायमचे राहायला गेल्यावर पत्ता बदलायचाच असेल, तर मान्यताप्राप्त आश्रमाच्या प्रमुखाने आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र पुरावा म्हणून चालते. साध्या लेटरहेडवरचे पत्र चालत नाही.

भाषेविषयी एक गोष्ट निःशंकपणे लक्षात ठेवावी. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार आपले गाऱ्हाणे मांडणारे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे, त्यामुळे निवेदन मराठीत आहे एवढ्याच कारणाने ते टेबलावरून परत करणे योग्य नाही. तरीही सोबत कानडी अनुवाद जोडण्याचा सल्ला द्यावासा वाटतो, कारण अधिकार खरा असला तरी अनुवादाच्या निमित्ताने फाइल पडून राहिली तर त्याची किंमत वृद्ध माणूस मोजतो.

हमीपत्र हा कागद अनेकांजवळ नसतो. आजारपणात रुग्णालयात कोण नेणार, शस्त्रक्रियेला संमती कोण देणार आणि निधनानंतर अंत्यसंस्कार कोण करणार, एवढेच संस्थेला लेखी हवे असते. मुलगा परगावी असेल तर त्याच्यासोबत बेळगाव किंवा जवळपासच्या एका नातेवाइकाचे नाव द्यावे. अविवाहित, निपुत्रिक किंवा टाकलेल्या ज्येष्ठांकडे सही करणारे कोणीच नसते. त्यांनी ग्रामपंचायतीचे पत्र आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या निवेदनाची पोच जोडून संस्थेशी आधी बोलावे, रिकामा रकाना ठेवून अर्ज देऊ नये. संमतीपत्र मात्र ज्येष्ठाचेच असले पाहिजे. समज शाबूत असलेल्या आई-वडिलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आश्रमात ठेवण्याचा मुलांना अधिकार नाही, आणि चांगली संस्था प्रवेशापूर्वी त्यांच्याशी एकट्याने बोलते. त्या बोलण्याला कुटुंबाने हरकत घेऊ नये.

वैद्यकीय दाखल्यात आजार लपवणे हा कळकळीने टाळण्यासारखा प्रकार आहे. अनेक आश्रम स्वतःचे स्वतः आवरू शकणाऱ्या, हिंडत्या-फिरत्या व्यक्तींनाच घेतात. विसरभोळेपणा किंवा रात्रीची अस्वस्थता सांगितली नाही, तर काही आठवड्यांत ती व्यक्ती घरी पाठवली जाते आणि दुसऱ्यांदा उखडली जाते. आधी सांगितले तर योग्य केंद्र तरी सुचवले जाते.

शुल्क घेणाऱ्या निवासाच्या बाबतीत करारनामा वाचल्याशिवाय अनामत भरू नये. अनामत परत कधी आणि किती कापून मिळेल, दरवर्षी शुल्क किती वाढेल, अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतील की नाही आणि पती-पत्नींपैकी एकाच्या पश्चात दुसऱ्याचा हक्क काय, ही चार उत्तरे करारातच असावीत. व्यवस्थापकाचे तोंडी आश्वासन कितीही मनापासूनचे असले तरी व्यवस्थापक बदलतात. खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या सदनिका विकत घेत असाल, तर प्रकल्पाची कर्नाटक रेरामध्ये (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात) नोंदणी आहे का ते पाहावे. केंद्राने २०१९ मध्ये दिलेल्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांत विकसक, सेवा पुरवणारी संस्था आणि रहिवासी यांच्यात त्रिपक्षीय करार अपेक्षित आहे, तो मागावा.

शुल्क परवडत नाही आणि मुले देत नाहीत, अशा वेळी २००७ च्या त्याच कायद्याखाली निर्वाह भत्त्याचा अर्ज करता येतो. तो प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. निपाणीकरांसाठी हे कार्यालय चिकोडीला आहे. मुलगा पुण्यात असला तरी पुण्याला जाण्याची गरज नाही, कारण ज्येष्ठ जेथे राहतात किंवा शेवटी राहत होते तेथेही अर्ज चालतो. वकील हवाच असे नाही; मागणी केल्यास निर्वाह अधिकारी बाजू मांडू शकतात. भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे.

येथे मुदती चुकीच्या वाचल्या जातात. ९० दिवस ही न्यायाधिकरणाने निकाल देण्याची मुदत आहे, ज्येष्ठाने अर्ज करण्याची नव्हे, आणि ती अर्जाच्या तारखेपासून नव्हे तर मुलांना नोटीस बजावल्यापासून मोजली जाते. म्हणून मुलाचा सध्याचा पूर्ण पत्ता दिला नाही तर घड्याळ सुरूच होत नाही. आदेशाविरुद्ध अपील ६० दिवसांत, आदेशाच्या तारखेपासून. प्रत उशिरा मिळाली तर विलंबाचे कारण लिहून द्यावे. सर्वांत जास्त नुकसान तिसऱ्या मुदतीने होते. आदेश होऊनही मुलाने पैसे दिले नाहीत, तर वसुलीच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या शब्दावर विश्वास ठेवून आई गप्प बसते आणि जुन्या महिन्यांच्या रकमेचा तो मार्ग बंद होतो. आईने विश्वास जरूर ठेवावा, पण वसुलीचा अर्जही वेळेत द्यावा.

शेवटी जमिनीविषयी. उतारा मुलांच्या नावावर करून दिल्यावर आश्रमाची वेळ आलेले ज्येष्ठ या भागात कमी नाहीत. त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले बक्षीसपत्र, अट मोडल्यास, न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशी अट असणे आवश्यक मानले, तर जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताने उदारपणे लावावा असे सांगितले. उदार अर्थाच्या भरवशावर राहण्यापेक्षा सांभाळाची अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्यावी आणि नोंदणीच्या वेळी ती ज्येष्ठाला मराठीत वाचून दाखवावी. दस्त आधीच झाला असेल आणि त्यात अट नसेल, तरी निर्वाह भत्ता मागण्याचा हक्क त्यामुळे जात नाही; तो अर्ज स्वतंत्रपणे करता येतो. ज्येष्ठ व्यक्तीला कायमचे सोडून देण्याच्या हेतूने कोठेही टाकून जाणे हा तर कलम २४ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैदेचा किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, आणि अशी व्यक्ती बसस्थानकावर वा मंदिराच्या आवारात आढळल्यास १४५६७ या ज्येष्ठ नागरिक मदतवाहिनीवर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत कोणालाही कळवता येते.